बेचाळिसावी सावली

ठिपकी दुपारी दीडला झोपायची आणि तीनला उठायची. मधला दीड तास तिच्या आईचा, निदान म्हणायला तरी. त्यातली दहा मिनिटं लेकीच्या मुठीतून आपलं बोट सोडवण्यात जायची, दहा भांड्यांत, आणि उरलेल्या वेळात ती पोटापाण्याचं काम करायची. पुस्तकांच्या शेवटी शब्दसूची असते, ती तयार करायचं काम. कुठला शब्द कुठल्या पानावर आला ते शोधायचं, मोजायचं, ओळीनं मांडायचं. असं काही काम असतं हेच पुष्कळांना माहीत नसतं. तिचा नवरा लिफ्टदुरुस्तीवाला. तो म्हणायचा, माझं काम बंद पडलं की अख्ख्या इमारतीला कळतं, तुझं जोरात चालू असलं तरी कुणाला पत्ता नसतो.

त्या सोमवारी मात्र तिनं शब्दसूची बाजूला सारली आणि दादानं पाठवलेली फाइल उघडायला घेतली. फाइलचं नाव 'आईचे धडे'. तिनं दोनदा टिचकी मारली. कॉम्प्युटरनं थोडा विचार केल्यासारखं केलं आणि सांगितलं, ही फाइल कशानं उघडायची ते मला ठाऊक नाही.

तिला हसू आलं. पुढचे चार दिवस काही ते पुन्हा आलं नाही.

ठिपकी दोन वर्षं नऊ महिन्यांची होती आणि अजून एकही शब्द बोलली नव्हती. रडायची, खळखळून हसायची, पण शब्द नाही. कानाच्या पाळीवर तीळ होता म्हणून बापानं तिसऱ्या दिवशी ठिपकी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव घरात रुळलं. कागदावर ते कुठंच नव्हतं. कान उत्तम. बाजूच्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला तरी दारात हजर. घसा ठीक, जीभ ठीक. डॉक्टर म्हणाले वाट बघा, आणि ज्या बाई अशा मुलांना तपासतात त्यांची वेळ मिळाली ती अकरा आठवड्यांनंतरची. सासूबाई फोनवर धीर द्यायच्या, की आमच्याकडे सगळे उशिराच बोलले आणि मग कुणाच्या बापाला थांबले नाहीत. जाऊबाई काहीच म्हणायच्या नाहीत. पण त्यांचं ठिपकीपेक्षा चार महिन्यांनी लहान पोर मागे अखंड बडबडत असायचं, तेवढं पुरे व्हायचं.

आणि गंमत म्हणजे, असल्या मुलांना बोलतं करणं हेच तिच्या आईनं जन्मभर केलेलं होतं. पस्तीस वर्षं शाळेत, नंतर घरी. शेवटच्या दोन वर्षांत आईनं आपले धडे रेकॉर्ड करून ठेवले. रीत तिची स्वतःची होती. एक शब्द म्हणायचा, चार सेकंद गप्प राहायचं, मग 'शाब्बास'. मूल बोलो न बोलो, शाबासकी ठरलेली. आई म्हणायची, चुकायची भीती गेली की शब्द आपणहून येतो. ती गेली त्यानंतर चौदा महिन्यांनी ठिपकी जन्मली. नातीनं आजीचा आवाज ऐकलाच नव्हता. तो ऐकला तर काही फरक पडेल, असं तिच्या मनानं घेतलं होतं. अकरा आठवडे हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा ते बरं.

आईचा कॉम्प्युटर दुसऱ्या जातीचा होता. ती गेल्यावर आठवड्याभरात दादानं त्यावरचे सगळे धडे दाबून, बांधून एक गाठोडं केलं आणि स्वतःकडे ठेवलं. तो कॉम्प्युटर पुढे बिघडला आणि भंगारात गेला. उरलं ते एवढं गाठोडं.

मंगळवारी तिनं एक फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतला. त्यानं त्रेसष्ट टक्क्यांपर्यंत गाठोडं सोडवलं आणि फाइल खराब आहे म्हणून हात वर केले. दादानं तीच फाइल फोनवरून पुन्हा पाठवली. पुन्हा त्रेसष्ट. दादाला फोन केला तर त्याच्याकडे म्हणे एका टिचकीत उघडत होती. तू तो डबा फेकून दे आणि माझ्यासारखा कॉम्प्युटर घे, असा त्याचा सल्ला. मग धडे कॉपी करून एकेक पाठव, असं ती म्हणाली, तर साहेब कामानिमित्त तीन आठवडे बाहेरगावी होते आणि कॉम्प्युटर घरी होता. तिनं फोन ठेवला. ठिपकी उठून बसली होती आणि आईच्या कपाळावरची आठी बोटानं सरळ करू बघत होती.

बुधवारी दुसरा प्रोग्राम. त्यानं आधी नाव विचारलं, मग ईमेल, मग जन्मतारीख, मग तीन जाहिराती दाखवल्या आणि अखेर गाठोडं सोडलं. आत फाइलींच्या नावांच्या जागी नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. आणि एकही फाइल वाजेना. तिनं हात टेकले. दीड तास संपला होता, कपडे वाळत घालायचे राहिले होते, आणि प्रकाशकाच्या माणसाचे शब्दसूचीसाठी दोन फोन येऊन गेले होते.

गुरुवारी ती ठिपकीला कडेवर घेऊन कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेली. अरुंद दुकान, तापलेल्या धुळीचा वास, कपाळावर भिंग चढवलेला म्हातारा. त्यानं यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि चांगला तज्ज्ञ लहान मुलाला समजावतो तसं समजावलं. त्या जातीच्या जुन्या मशीनवर प्रत्येक फाइलचे दोन भाग असतात. एक अंग, एक सावली. फाइल कसली आहे, कशानं वाजवायची, ते सावलीत लिहिलेलं असतं. आपल्या मशीनला हे कळत नाही. ते दोन्ही तोडून वेगवेगळं ठेवतं. म्हणून नावाआधी टिंब आणि रेघ असलेल्या या एवढ्याशा फाइली दिसतात.

"त्यांचं काय करू?" तिनं विचारलं.

"टाकून द्या, ताई. कचरा आहे. अंगाच्या नावापुढे टिंब देऊन एमपीथ्रीचं शेपूट लावा, वाजेल."

तिनं सांगितलं की अंगं एकेचाळीस आहेत आणि सावल्या बेचाळीस.

"मोजण्यात चूक झाली असेल."

मोजणं हेच तिचं काम होतं. पण वाद घालायला वेळ नव्हता, ठिपकी त्याच्या स्क्रूंच्या डबीकडे हात लांबवत होती.

घरी येऊन तिनं ठिपकीला निजवलं, बेचाळीस सावल्या कचऱ्यात टाकल्या, एकेचाळीस नावांना एकेक करून शेपूट लावलं, आणि पहिला धडा सुरू केला.

आधी आईचा श्वास आला. शब्दाआधी ती घ्यायची तो, नाकातून, थोडासा. चार वर्षांत ती आईचा चेहरा विसरली नव्हती, पण हा श्वास पार विसरली होती. मग "पाणी". चार सेकंद. "शाब्बास." ती टेबलाची कड धरून बसून राहिली.

तिच्या कोपराला काहीतरी लागलं. ठिपकी अंथरुणातून उठून आली होती. स्पीकरकडे बघत उभी होती. "दार," आई म्हणाली, आणि त्या चार सेकंदांत ठिपकीचे ओठ हलले. आधी जीभ दातांमागे टेकली, तोंड उघडलं, मग मिटत आलं. दार. आवाज नव्हता. पण शब्द पुरता होता, ओठांवर वाचता येईल इतका.

"शाब्बास," आई म्हणाली.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं जिलेबीसारखे वेटोळे घालत बोलणाऱ्या आपल्या सगळ्या नातेवाइकांना फोन करायचं ठरवलं होतं, तिनंच थांबवलं. आधी आवाज तर येऊ दे. आणि आवाज काही आला नाही. शुक्रवार, शनिवार, रविवार. धडा लावला की ठिपकी धावत यायची, एकेचाळीस धड्यांतला प्रत्येक शब्द ओठांनी म्हणायची, बिनचूक, आणि घरात फक्त आजीची शाबासकी घुमायची. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं तर तसंही नाही. घडा भरत होता, तिला दिसत होतं, फक्त ओतला जात नव्हता. एकदा तिचा संयम सुटला आणि ती लेकीवर ओरडली, म्हण ना गं मोठ्यानं. ठिपकीनं दचकून दोन्ही हात तोंडावर ठेवले. त्यानंतर तासभर ती तिला छातीशी घेऊन खोलीत फेऱ्या मारत होती.

फेऱ्या मारता मारता तिच्या डोक्यात आलं, की आपण काहीतरी फेकून दिलं आहे. शब्दसूचीत एक पान गळलं तर सगळी सूची खोटी ठरते. आईनं ठेवलेल्या वस्तूंतल्या निम्म्या आपण कुणाच्या तरी सांगण्यावरून कचऱ्यात टाकल्या.

सोमवारी तिनं गाठोडं नव्यानं सोडलं. दादानं, मनाविरुद्ध, अंग आणि सावली पुन्हा सांधायची एक आज्ञा कुठूनशी मिळवून पाठवली. ती टाइप केली. काही नाही. स्वल्पविराम चुकला होता. पुन्हा. काही नाही. मग भाषेचं एक बटण होतं ते दाबलं, आणि सगळे चौकोन पापणी लवायच्या आत अक्षरं झाले. पाणी आणि घर. प्राणी. माणसं. रंग. एकेचाळीस जोड्या सांधल्या गेल्या. खाली एक ओळ उरली: या सावलीला अंग सापडत नाही.

सावलीचं नाव होतं 'ठिपकी'.

तारीख इतर सगळ्यांचीच. आई गेल्यानंतरचा आठवडा.

तिनं दादाला फोन लावला. तू काही टाकलंस का त्यात, नंतर? दादा म्हणाला की बांधून झालेल्या गाठोड्यात नंतर काही टाकता येत नाही, आणि टाकायला तेव्हा ठिपकी होती कुठं? मग जरा थांबून, मऊ आवाजात, झोप होते का तुझी, असं विचारलं. तिला त्या मऊपणाचा राग आला. तिनं फोन ठेवला आणि सांधलेला पहिला धडा लावला.

श्वास. "पाणी."

"पाणी," स्पीकरमधून उत्तर आलं.

लहान मुलीचा आवाज. किंचित घोगरा, 'ण' जपून उच्चारलेला. "शाब्बास," आई म्हणाली.

आईची कुणी विद्यार्थिनी, तिनं स्वतःला सांगितलं. सावल्यांमध्ये उत्तरं होती तर. हे पटण्यासारखं होतं. फक्त एकेक सावली इतकी छोटी होती, की तिच्यात एक शिंकही मावली नसती.

मग तिचं लक्ष ठिपकीकडे गेलं. ती टेबलाशी उभी होती. "दार," आई म्हणाली. ठिपकीचे ओठ हलले. "दार," स्पीकर म्हणाला. जीभ टेकली तेव्हाच 'दा', ओठ मिटत आले तेव्हाच 'र'. मागे नाही, पुढे नाही.

तिनं शिस्तीनं तपासलं. ठिपकीला बाहेरच्या खोलीत नेऊन दार लावलं आणि एकटीनं धडा ऐकला. चार सेकंद रिकामे. लेकीला परत आणलं. उत्तर आलं. स्पीकरचा आवाज बंद केला; ठिपकीचे ओठ हलले, खोलीत शांतता. पडद्यावर ध्वनीची रेघ काढून पाहिली. आईच्या शब्दापाशी डोंगर, शाबासकीपाशी डोंगर, मधे पाण्यासारखी सपाट रेघ. त्या सपाट रेघेवरून काटा सरकत असताना स्पीकर म्हणाला, "मांजर."

आणि आई हसली. शाबासकीच्या आधी, अगदी बारीक. हे हसू आधी नव्हतं. चार दिवस ती हा धडा ऐकत होती.

तिनं स्पीकरची वायर उपटली. खरं सांगायचं तर भीतीनं नाही. चीड आली होती. लेकीचा आवाज होता. नीट, शहाणा, गोड आवाज. तो नको त्या ठिकाणी अडकला होता, चुकीच्या प्रोग्रामनं अर्धवट सोडलेल्या फाइलसारखा, आणि अकरा आठवड्यांनी भेटणाऱ्या कुठल्याही बाईला ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

नवऱ्याला तिनं काहीच सांगितलं नाही. तो म्हणाला असता, एकदा बंद करून चालू कर. त्याच्या धंद्यात बहुतेक वेळा तेच लागू पडायचं.

मंगळवारी ठिपकी झोपल्यावर ती पुन्हा बसली. वाळत घातलेल्या कपड्यांमुळे खोलीत दमट, साबणाचा वास होता. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. पडद्यावर तीच ओळ. या सावलीला अंग सापडत नाही. खाली एक प्रश्न होता, काल तिच्या डोळ्यांतून निसटलेला. अंग द्यायचे आहे का?

तिनं माइक लावला. आईसारखाच नाकातून श्वास घेतला आणि धडा रेकॉर्ड केला. पाणी. चार सेकंद. शाब्बास. दार. चार सेकंद. शाब्बास. मांजर, पाऊस, हात, बाबा. शेवटी आई. पण शेवटच्या शब्दानंतर ठिपकी झोपेत कुशीवर वळली, तिचं लक्ष तिकडे गेलं आणि शाबासकी म्हणायची राहून गेली. धडा अठ्ठेचाळीस सेकंदांचा झाला. तिनं त्याला नाव दिलं 'ठिपकी' आणि आज्ञा टाइप केली. या वेळी स्वल्पविराम चुकला नाही.

सांधले, असं उत्तर आलं.

ठिपकी जागी होऊन टेबलाशी येऊन उभी राहिली होती.

तिनं स्पीकरची वायर जोडली आणि धडा सुरू केला.

"पाणी," तिचाच आवाज स्पीकरमधून म्हणाला.

"पाणी," ठिपकी म्हणाली.

स्पीकर गप्प होता. आवाज खालून आला होता, तिच्या मांडीजवळून, घोगरा, ऊबदार, 'ण' जपून उच्चारलेला. तिनं लेकीच्या गळ्यावर बोटं ठेवली. "दार," ठिपकी म्हणाली आणि बोटांखाली थरथर झाली. मांजर. पाऊस. हात. बाबा. प्रत्येक शब्दाला बोटांखाली तीच थरथर.

"आई," ठिपकी म्हणाली.

त्यानंतर ती लेकीला घेऊन जमिनीवरच बसली आणि बोलत सुटली. काय काय बोलली ते तिलाही सांगता आलं नसतं. खिडकी, पडदा, चमचा, तुझं नाक, माझं नाक, तुझी आजी. तीन वर्षांचं साठलेलं. ठिपकी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती आणि मधेमधे हाक मारत होती. आई. ओ, सोने. आई. ओ. आई. नवं खेळणं मिळालं की मुलं असंच करतात, तिला वाटलं. ओ म्हटलं तरी पुन्हा हाक. जरा मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं.

पाचला किल्ली वाजली. नवरा दारातच होता, हातात हत्यारांची पिशवी, बाह्यांना ग्रीस.

"बाबा," ठिपकी म्हणाली.

पिशवी खाली पडली. तो तिथंच, बुटांसकट बसला. लेकीनं त्याच्या गालावर हात ठेवून पुन्हा बाबा म्हटलं, तेव्हा त्यानं तोंड फिरवलं.

ती त्याला सगळं सांगत होती. गाठोडं, सावल्या, दुरुस्तीवाल्याचा सल्ला, आज दुपारी काय केलं ते. सांगता सांगता हसत होती, डोळे पुसत होती.

"कधीपासून?" त्यानं डोळे पुसून विचारलं. "अगं, कधी बोलली ही? सांग की."

तेच तर सांगतेय, ती म्हणाली.

तो तिच्या ओठांकडे बघत होता. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं.

"बोल ना," तो म्हणाला. "नुसते ओठ काय हलवतेस?"

ती बोलली. आणखी मोठ्यानं बोलली. गळ्याला ताण जाणवला, कानांत आपला आवाज स्वच्छ ऐकू आला. ठिपकीनं बापाच्या खांद्यावरून वळून तिच्याकडे पाहिलं.

"आई?"

तिनं पडद्याकडे पाहिलं. 'ठिपकी' नावाची फाइल दिसत होती. पुढे तिची लांबी. दोन तास, सात मिनिटं, चाळीस सेकंद.

ती श्वास रोखून थांबली. आकडा स्थिर राहिला.

"आई?" लेकीनं पुन्हा हाक मारली.

ती अगदी हळू म्हणाली, "ओ."

आकडा सरकला. एकेचाळीस सेकंद.